अलंकार कुणाच्या अंगावर?

आमच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आपल्या लिखाणात उपमा नको, रूपक नको, यमक नको, काहीच नको. घडलं ते उघडंवाघडं मांडा. अलंकार म्हणजे पोट भरलेल्यांचे चाळे. दुसरा तट म्हणतो, त्यांनी पिढ्यान् पिढ्या शब्दांनीच आपल्याला बांधून घातलं, आता तीच दोरी आपण हातात घेतली तर कुणाच्या बापाचं काय जातं? वाढवून बोला, रडवा, पेटवा, लागलंच तर खोटं बोला, पण माणूस आपल्या बाजूला ओढा. शनिवारच्या बैठकीत हे भांडण रात्री एकपर्यंत चालतं आणि पहिल्या पाळीवाले सकाळी मशीनवर उभ्या उभ्या डुलक्या घेतात.

मला दोन्ही तट नामंजूर आहेत. का ते सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी काही शिकला-सवरलेला नव्हे. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, रिंग फ्रेमवर सायडर. तुटला धागा की सांध, तुटला की सांध, पाळीभर चालत राहा. अलंकार मी शिकलो ते रद्दीवाल्याकडं किलोवर घेतलेल्या शाळेच्या व्याकरणातनं. त्यात उपमा म्हणजे मुख चंद्रासारखं, रूपक म्हणजे मुखचंद्र, उत्प्रेक्षा म्हणजे मुख जणू चंद्रच. पानंच्या पानं चंद्र, कमळ, हरिणी, राजहंस. च्यायला, एका उदाहरणात भाकरी नाही की घाम नाही. आणि नाव काय, तर अलंकार. दागिना. देह आधीच तयार आहे, वरनं सोनं चढवायचं. जिच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या पोतीपलीकडं काही नाही अशा आईच्या पोराला हे नावच परकं वाटणार. पहिल्या तटाचा राग इथनं येतो आणि तो राग खरा आहे.

पण दागिना म्हणजे नुसती शोभा, हे तरी आपण कुणाचं ऐकून मानलं? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय ल्यावं हे बांधून दिलंय. कपडे मेलेल्याचे, अन्न फुटक्या भांड्यात, दागिने लोखंडाचे. म्हणजे आपल्या अंगावरचा दागिना बोलायचा. हा कोण, कुठला, याला किती लांब धरायचं, ते तो वाटेवरनंच ओरडून सांगायचा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना वेगळं बोलावून सांगितलं, ज्या नेसण्यावरनं आणि ज्या दागिन्यांवरनं तुमची जात लांबनं ओळखू येते ते सोडा. भाषेतल्या अलंकाराचंही तसंच आहे. तो कुणाच्या तरी अंगावर चढवलेला असतो आणि त्याच्याविषयी काहीतरी ठरवून टाकतो. ज्याच्या अंगावर तो चढला त्याला विचारलं होतं का, हा माझा प्रश्न आहे. बाकी सगळं याच प्रश्नाच्या भोवती.

आता मन वळवण्याविषयी. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मट नावाचा पंडित होऊन गेला. त्याचं काव्यप्रकाश हे पुस्तक साहित्यशास्त्रवाले आजही डोक्यावर घेतात. उपदेशाच्या तीन तऱ्हा त्या परंपरेत सांगतात. वेद सांगतो धन्यासारखा, ती प्रभुसंमित. पुराणं सांगतात मित्रासारखी, ती मित्रसंमित. आणि काव्य सांगतं प्रिय बाईसारखं, गोड बोलून, कळत नकळत, ती कांतासंमित. (बाईला हुकूम सोडता येत नाही म्हणून ती गोडीनं घेते, हे पंडितांनी धरूनच चाललंय. त्यावर आमच्यातल्या बायांनी लिहावं, मी पुरुषानं लिहून शहाणपणा दाखवत नाही.)

मला ही वाटणी फार उपयोगी वाटली. कारण माझ्या आज्याला गावानं ना मित्रासारखं सांगितलं, ना कांतेसारखं. मेलेलं ढोर ओढायचंय, ये. सांगावा पोचवायचाय, नीघ. यात कसली उपमा? जिथं समोरच्याला नाही म्हणताच येत नाही तिथं अलंकाराची गरजच पडत नाही. मन वळवणं सुरू होतं ते समोरचा नकार देऊ शकतो तिथनं. म्हणून पहिल्या तटाला माझं सांगणं, उपमा-दृष्टांत देऊन कुणाला पटवायला बसणं हा चाळा नव्हे. समोरच्याला नाही म्हणायचा हक्क आहे हे त्यात कबूल केलेलं असतं. ज्यांनी आपल्याला तो हक्क कधी दिला नाही त्यांनाही आपण तो देतो. बाबासाहेबांनी हजारो पानं लिहिली ती कुणाला हुकूम द्यायला नव्हे, पटवायला.

मात्र हुकूमसुद्धा कधी कधी वर्णनाचा वेष घेऊन येतो, आणि तिथं रूपक हे सगळ्यात मोठं हत्यार. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त घ्या. समाज म्हणजे एक देह. तोंड ब्राह्मण, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, आणि पायांतनं जन्मला शूद्र. एवढंच. कुणाला मारा म्हटलेलं नाही, राबवा म्हटलेलं नाही. नुसतं चित्र काढलं. पण एकदा चित्र मान्य केलं की पुढचं आपोआप. पायानं डोक्यावर जायचं म्हणणं हा अन्याय राहत नाही, वेडेपणा ठरतो. पायाला पगार कसला? पायाला संप कसला? १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज’मध्ये बाबासाहेबांनी या सूक्ताची चिरफाड केलीय. त्यांचा एक मुद्दा असा की समाजात वर्ग सगळीकडंच असतात, पण इथं जे होतं त्यालाच आदर्शाच्या गादीवर बसवलं. आणि आपण? आपण तर त्या देहात पायसुद्धा नाही. चार वर्णांची मोजदाद संपते तरी अतिशूद्राचं नाव नाही. रूपक पुरं झालं आणि माणूस बाहेर राहिला.

ही युक्ती फक्त इकडचीच नव्हे. रोममध्ये इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेब म्हणजे सामान्य रयत कर्जाला आणि सावकारांच्या जाचाला कंटाळून शहर सोडून डोंगरावर जाऊन बसली. आपल्या भाषेत संपच. लिव्ही हा इतिहासकार पुढं साडेचारशे वर्षांनी लिहितो की सरदारांनी मेनेनियस अग्रिपा नावाच्या गोडबोल्याला पाठवलं आणि त्यानं गोष्ट सांगितली. अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केलं, हात घास उचलेनात, दात चावेनात, पोट उपाशी ठेवलं, तर सगळं शरीरच खंगलं. म्हणजे सरदार ते पोट, त्यांना भरवा, त्यातच तुमचं भलं. रयत म्हणे पटून परत आली. पण लिव्हीतच पुढं वाचा. परत येताना रयतेनं ट्रिब्यून पदरात पाडून घेतले. रयतेचे स्वतःचे अधिकारी, ज्यांच्या अंगाला हात लावायची कुणाला मुभा नाही. माणसं गोष्टीनं परतली की करारानं? पण पुस्तकांत गोष्ट अजरामर झाली, शेक्सपिअरनं नाटकात घातली, आणि ट्रिब्यूनचं कलम परीक्षेपुरतं उरलं.

आमच्याकडं याच देहाची फुटकळ आवृत्ती रोज ऐकू येते. ठेक्यावरच्या पोरांना तेच काम करून पगार कमी का, असं विचारलं की जॉबर हसून म्हणतो, “अरे, पाचही बोटं सारखी नसतात.” झालं, विचारणाऱ्याचं तोंड बंद. म्हण आहे ना, म्हणजे खरंच असणार. पण त्यातली चोरी बघा. ‘सारखी’ या शब्दावर श्लेष आहे. बोटं लांबीला सारखी नाहीत हे खरं. त्यावरनं हक्कालाही सारखी नाहीत हे गुपचूप सरकवलं. अरे बाबा, करंगळीला वेगळा कप ठेवतोस का? अंगठ्याला करंगळीचा विटाळ होतो का? करंगळीला चटका बसला तर अख्खा हात मागं येतो, आणि इथं आमचा माणूस जळला तर गाव कूससुद्धा बदलत नाही. तुझंच रूपक नीट चालव, तर ते माझ्या बाजूला येतं.

रूपक तपासायची माझी रीत ही एवढीच. ते उलटं चालवून बघायचं. आणि रूपकातल्या ज्या जागी आपल्याला ठेवलंय तिथनं उभं राहून बोलून बघायचं. तिथनं बोलताच येत नसेल, पायाला तोंडच दिलं नसेल, तर ते रूपक पटवायला आलेलं नाही, गप्प करायला आलंय.

उलट बाजूचं रूपक बघा. १९२० च्या ३१ जानेवारीला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. पैशाची मदत शाहू महाराजांनी केली होती. त्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्या-मजल्यांच्या मनोऱ्याचा दृष्टांत दिला, ज्याला वरखाली जायला जिनाच नाही. हाही अलंकारच की. पण यात तुम्ही जाऊन मोजू शकता. जिना आहे का? दाखवा. खालच्या मजल्यावरचा कर्तबगार माणूस वर गेलेला दाखवा, दृष्टांत पडला. म्हणजे हे रूपक स्वतःच्या खोटेपणाची अट सोबत घेऊन फिरतं. शिवाय मनोरा माणसानं बांधलेला असतो. बांधलेलं पाडता येतं. देह कुणी बांधत नाही. एका शब्दाच्या निवडीत केवढा फरक पडला.

यमक, अनुप्रास यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. घोषणा तोंडात बसायला ते लागतात, लक्षात राहतात, विषय संपला. खरी गोम शब्दशक्तीत आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना असं पुस्तकात येतं. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ लागू पडत नाही म्हणून शेजारचा अर्थ घेणं. ‘गाव जमलं’ म्हटलं की घरंदारं चालत आली असं आपण समजत नाही, माणसं जमली असं समजतो. छान. पण कुठली माणसं? ‘अख्खं गाव जेवलं’ या वाक्यात आमची आळी कधी जेवली? ‘गावानं ठरवलं’ यात आम्हाला कुणी विचारलं? लक्षणा एका भागाला सगळं म्हणून चालवते, आणि उरलेला भाग शब्दाच्या आत गडप होतो. व्याकरणवाले शब्दाची शक्ती शिकवतात. ती कुणावर चालते त्याचा धडा पुस्तकात नाही.

आणि हे फक्त सवर्णांच्याच भाषेत घडतं असं नाही, डाव्या मित्रांनो, रागावू नका. ‘कामगार एकजूट’ हीही लक्षणाच. १९२८ च्या मुंबईच्या मोठ्या संपात सगळे कामगार एक होते म्हणतात. पण विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा, आणि एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विणाईत कमाई जास्त. जास्त कमाईच्या दाराशी थुंकी आडवी आली. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला तेव्हा ‘कामगार’ या शब्दात कोण कोण मावतं याचा हिशेब पहिल्यांदा मांडावा लागला. मी गिरणीत आहे, झेंड्याखाली उभा राहतो, पुढंही राहीन. पण घोषणा देताना हा हिशेब मनात असतो.

‘हरिजन’ शब्दाचं तर नावच नको. शिवी असती तर उलटी देता आली असती. ही स्तुती होती. नाव गोड, देवाशी जोडलेलं, आणि ज्यांना ते दिलं त्यांना न विचारता दिलेलं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायचं निघालं तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे सभासद सभागृहातनं उठून बाहेर गेले. गोड अलंकार अंगावरनं काढून ठेवायलासुद्धा असं उठावं लागतं.

आता दुसऱ्या तटाकडं वळतो. इथं माझं जास्त रक्त आटलंय, कारण ही भांडणं नुसती पुस्तकातली नाहीत.

काही वर्षांमागं आमच्या गिरणीच्या आवारातल्या संडासाच्या टाकीत ठेकेदाराचा एक माणूस गेला. आमच्याच समाजाचा. गिरणीचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही, त्याच्या घरच्यांनी इथं छापायची परवानगी दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस लागली. साफसफाई करत असताना एका इसमाचे दुर्दैवी निधन झाले असून गिरणी परिवार त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. दोन ओळी. मी त्या पंधरा वेळा वाचल्या. इतकं कसलेलं गद्य मी कुठल्या दिवाळी अंकात वाचलेलं नाही.

एक एक शब्द बघा. ‘इसम’. कामगार म्हटलं तर देणी लागतात. ‘दुर्दैवी’. म्हणजे दैवानं केलं, दैवावर केस होत नाही. ‘निधन झाले’. क्रियापदाला कर्ताच असा पकडलाय की ज्यानं काही केलं तो वाक्याच्या बाहेर. ‘गिरणी परिवार’. हे रूपक. तो जिवंत असताना मस्टरवर त्याचं नाव नव्हतं, कॅन्टीनमध्ये त्याला कूपन नव्हतं, मेल्यावर परिवारात आला. सरकारी आणि ऑफिसी मराठीची सगळी ताकद याच एका सवयीत आहे. ‘करण्यात येत आहे’, ‘कमी करण्यात आले’, ‘निदर्शनास आले आहे’. कोण करतोय? कुणाच्या निदर्शनास? व्याकरणात याला प्रयोग म्हणतात. आमच्यावर तो रोज होतो.

आम्ही पत्रक काढायचं ठरवलं. लिहायचं माझ्याकडं आलं, कारण मी कविता करतो. मी पहिल्यांदा क्रियापद बदललं. मराठीत एक सोय आहे, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. उतरणं आणि उतरवणं. बसणं आणि बसवणं. प्रयोजक क्रियापद म्हणतात त्याला. ‘तो टाकीत उतरला’ यात तो एकटाच आहे. ‘त्याला टाकीत उतरवलं’ म्हटलं की त्याच्या मागं लगेच एक माणूस येऊन उभा राहतो, आणि वाचणारा आपोआप विचारतो, कुणी? मग आम्ही लिहिलं, कुणी. किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरनं, दोर होता की नाही, मास्क होता की नाही. २०१३ चा कायदा काय म्हणतो, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणं दहा लाख कसे देणं लागतात. (ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयानं ही रक्कम तीस लाख केली. ज्यांना लागेल त्यांनी हे ध्यानात ठेवा. आकड्याला अलंकार लागत नाही.)

मजकूर वाचून दाखवल्यावर दुसऱ्या तटातले मित्र भडकले. एक म्हणाला, “हे पत्रक आहे का पोलिसांचा पंचनामा?” दोन पोरं आहेत तिथं चार लिही. एक तास तडफडत होता लिही. ‘खून’ लिही. अतिशयोक्ती हाही अलंकारच ना, तूच शिकवलास.

हो, अलंकारच आहे. आणि ‘आभाळ फाटलं’ म्हटल्यावर कुणी वर बघत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ती अतिशयोक्ती आहे हे ठाऊक असतं. करार असतो दोघांत. चार पोरं लिहिलं तर तो करार नाही. वाचणारा ते खरं मानणार आणि आपल्याला ते खोटं म्हणून ठाऊक. तिथं अलंकार संपला, फसवणूक लागली. माझ्या लेखी रेघ इथं आहे. ‘त्याच्या घरावर डोंगर कोसळला’ लिहा, खुशाल लिहा. पोरांची संख्या मात्र घरात जाऊन मोजलेली असावी.

ते म्हणाले, तुला सत्याची पडलीय, तिला पैशाची. हा प्रश्न सोपा नव्हता. कुणाच्या चुलीवर उभं राहून मी खरंखोटं करतोय, हे मलाही कळतं. पण जरा थांबून बघितलं तर दिसतं काय? दोन पोरांना दहा लाख आणि चार पोरांना वीस असं कुठल्याच निकालात नाही. जास्तीची दोन पोरं तिच्या पैशासाठी नव्हतीच. ती आमच्यासाठी होती, आमच्या पत्रकाला धार यावी, वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं आणि आमच्या नावानं टाळी पडावी म्हणून. मेलेल्याच्या पदरात आपण आपल्या सोयीनं लेकरं टाकायची, आणि वर त्याच्या बाजूचे म्हणवून घ्यायचं.

समजा एखाद्या वेळी खोट्यानंच घर वाचणार असेल, तर? असे प्रसंग येतात. गरिबाला कागदावर खोटं लिहिल्याशिवाय रेशनसुद्धा मिळत नाही असे दिवस घराघरांत येऊन गेलेत. तर ते खोटं बोलायचं की नाही हे ज्याचं घर आहे त्यानं ठरवायचं, स्वतःच्या तोंडानं. मी कवी म्हणून माझ्या वाक्याच्या डौलासाठी ते परस्पर ठरवायचं नाही. वाचणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ज्याच्याविषयी लिहितोय त्यालाही नाही म्हणता आलं पाहिजे. मेलेल्याला येत नाही, म्हणून त्याच्या घरी जावं लागतं.

आम्ही गेलो. वहिनींना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच म्हणाल्या, “त्यास्नी पोहाय येत हुतं, तेवढं लिवा.” आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. टाकीतला वायू आणि पोहणं, संबंध काय? पण त्यांच्या आळीत लोक बोलत होते की तो प्यायला असेल, बावळट असेल, पाय घसरला असेल. नवरा धडधाकट होता, कृष्णेच्या पुरात पोहलेला होता, हे त्यांना लोकांनी वाचायला हवं होतं. ते वाक्य आम्ही जसंच्या तसं घातलं. साहित्यशास्त्रात त्याला काय नाव आहे ते अजून मला सापडलेलं नाही.

पत्रक वाटलं. दहा लाखांचा दावा लागला. ठेकेदार बदलला, नवा ठेकेदार जुन्याचा मेहुणा निघाला. चार पोरं लिहिली असती तर जास्त लोक आले असते का? कदाचित आले असते. मी नाही म्हणणार नाही. खोटं कामाला येत नाही असं म्हणायला मी कीर्तनकार नव्हे, ते चांगलंच कामाला येतं, नाहीतर मघाचं ते देहाचं चित्र इतकी शतकं टिकलं नसतं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कापसाचा तंतू एकेकटा काही ओझं पेलत नाही. त्याला पीळ दिला की तंतू एकमेकांना धरतात आणि सूत होतं. पीळ कमी पडला तर धागा सुटतो. पण पीळ वाढवत गेलं तर एका हद्दीनंतर ताकद वाढायच्या ऐवजी घटते, धागा वेटोळी घालतो, तुटतो. भाषेला अलंकाराचा पीळ लागतो, म्हणून मी पहिल्या तटात नाही. हद्द असते, म्हणून दुसऱ्यात नाही. आता माझीच रीत या उपमेला लावा. तंतूच्या जागी उभं राहून बोलून बघा. तंतू म्हणेल, मला पीळ कुणी दिला, सूत कुणी विकलं? बरोबर आहे त्याचं. उपमा तिथवरच चालते, पुढं ती सोडून द्यावी.

शेवटी पतीची गोष्ट, कारण तिच्याशिवाय आपलं प्रकरण पुरं होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं इ.स.पू. चौथ्या शतकात वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. पटवायच्या तीन वाटा त्यानं सांगितल्या: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना, आणि मुद्द्याची जुळणी. ग्रीक शब्द ईथॉस, पॅथॉस, लोगॉस. कॉलेजवाले हे तीन शब्द अगदी मंत्रासारखे म्हणतात. पण त्याच ग्रंथात, पहिल्या भागाच्या शेवटी, आणखी एक यादी आहे. वक्त्याच्या कलेबाहेरचे पुरावे: कायदे, साक्षीदार, करार, छळ करून काढलेली जबानी, शपथा. हा छळ कुणाचा? अथेन्सच्या कोर्टात गुलामाची साक्ष घ्यायची तर ती छळ करूनच घ्यायची रीत होती. छळात माणूस खोटंही बोलतो, हे अ‍ॅरिस्टॉटललाही ठाऊक होतं, तसं त्यानं लिहिलंय. म्हणजे नागरिक बोलला की ती कला, आणि गुलाम बोलला की तो पिळून काढलेला माल. पत ही बोलण्यातनं तयार होते असं ग्रंथ सांगतो. आमच्या बाबतीत आडनाव ऐकल्यावरच ती वजा होते. बोलायला उभं राहायच्या आधीच आम्ही उणे खात्यात.

बाबासाहेबांनी या उण्याचं काय केलं ते १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, मग मजकुरातला काही भाग खटकला, बदला म्हणाले. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. सभा रद्द. त्यांनी भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. त्या न झालेल्या भाषणाच्या सुरुवातीलाच ते श्रोत्यांना सांगतात की तुमच्या शास्त्रांप्रमाणं मी तुम्हाला शिकवायला नालायक आहे, आणि रामदासांचा दाखला देतात, की अंत्यज पंडित असला तरी त्याला गुरू करू नये. दुसरा कुणी असता तर आपल्या पदव्या वाचून दाखवल्या असत्या. यांनी आपली पत शून्य आहे हे समोरच्याच्याच पुस्तकातनं वाचून दाखवलं आणि मग नुसत्या मुद्द्यावर पुढं निघाले. ही युक्ती आहे का? आहेच. मी तिला युक्तीच म्हणतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. फक्त ती उघड्यावर केलेली आहे. श्रोत्याला सगळे पत्ते दिसतात.

जोतीबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना संवादाचा घाट घेतला. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडीबाचे प्रश्नही जोतीरावांनीच लिहिले, हे कुणीही म्हणेल, आणि खरं आहे. तरी पुस्तकात ऐकणाऱ्याला तोंड दिलं, मध्येच थांबवून शंका काढायची जागा दिली, हे मला मोठं वाटतं.

मी लिहिलेल्यालाही अशी जागा असू द्या. दुसऱ्या तटातल्या मित्रांनी कबूल केलंय की पुढच्या अंकासाठी ते याचं उत्तर लिहितील. त्यातला एक आत्ताच म्हणतोय की उतरवणं-उतरणं ठीक आहे, पण ‘खून’ शब्द तू भ्यालास म्हणून गाळलास, आणि ठेकेदाराचा हेतू काय होता हे कोर्टानं ठरवायच्या आधी तू का ठरवलंस. मजकूर महिनाअखेरपर्यंत द्या म्हणावं, कागदाच्या एकाच बाजूला लिहून.